अर्ध्या पुड्याचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रक्तदाबामुळे डॉक्टरांनी माझ्या यजमानांना मीठ कमी करायला सांगितलं, तेव्हापासून घरात येणारा प्रत्येक पुडा मी उलटा करून, भिंग लावून वाचते. परवा बिस्किटांच्या पुड्यावरच्या पोषणाच्या तक्त्यात सोडियमपुढे (मिठातला घटक) '12 टक्के', म्हणजे दिवसभराच्या मर्यादेच्या 12 टक्के, दिसलं आणि हायसं वाटलं. मग तक्त्याच्या डोक्यावरची बारीक ओळ वाचली. हे 12 टक्के फक्त 30 ग्रॅम बिस्किटांमागे होते आणि पुडा होता 150 ग्रॅमचा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजलं, तर 30 ग्रॅम म्हणजे जेमतेम चार बिस्किटं. यजमान बोलता बोलता अर्धा पुडा संपवतात, म्हणजे 30 टक्के! दिवसभराच्या 2000 मिलिग्रॅमच्या मर्यादेतलं 600 मिलिग्रॅम सोडियम. त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं: दीड ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, आणि त्यात जेवणातलंही मीठ आलं.

दुसरी गोष्ट मला याहून जास्त खटकते. एकाच रकान्यात लोह आणि सोडियम दोन्हींचे टक्के असतात, पण अर्थ अगदी उलटे. लोहाचे 100 टक्के गाठायचे असतात, सोडियमचे ओलांडायचे नसतात. तक्ता हे सांगत नाही. शिवाय जीवनसत्त्वं-खनिजांची शिफारस ठरवतानाच ती जवळजवळ सगळ्या निरोगी माणसांना पुरेल इतकी वरची धरलेली असते. त्यामुळे एखाद्या दिवशी 80 टक्केच भरले म्हणून लगेच गोळ्या आणायला धावायचं कारण नाही. माझ्या सुनेला हे समजावताना माझे दोन दिवस गेले.

आणि हे टक्के असतात तरी कोणाचे? बहुतेक तक्त्यांत दिवसाला 2000 किलोकॅलरी लागणारा प्रौढ धरलेला असतो. आमच्या चार वर्षांच्या नातीची गरज त्याहून पुष्कळ कमी. पाळी येणाऱ्या बाईला लोह पुरुषापेक्षा जास्त लागतं. छापलेला आकडा मात्र सगळ्यांना एकच.

उत्पादकांना माझी कळकळीची विनंती आहे: 30 ग्रॅमच्या शेजारी अख्ख्या पुड्याचेही आकडे छापा, तेही भिंगाशिवाय वाचता येतील एवढ्या अक्षरांत. आणि 'किमान एवढं हवं' व 'यापेक्षा जास्त नको' असे दोन वेगळे रकाने करा.

आपली,
एक नियमित वाचक