चलानातला फोटो

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

काल स्वारगेटला फेरी संपवून डबा उघडला, तेवढ्यात मोबाईलवर ई-चलान आलं. स्कूटर माझ्या नावावर, म्हणजे मेसेजही मलाच. उघडून बघतो तर फोटोत तू. मागे दोघी, आणि मी घेऊन दिलेलं हेल्मेट मधलीच्या मांडीवर. तिघीही खुशीत हसताय. खरं सांगतो, आधी मलाही हसू आलं.

१००० रुपये भरले. पण ट्रिपल सीटला कायद्यात नुसता दंड नाही, ३ महिने लायसन्सही जातं, हे तुला माहीत नसणार. बारावीत असताना स्कूटरसाठी तू दोन दिवस जेवली नव्हतीस. तेव्हा मी कायदाच पुढे केला होता. अठराच्या आतल्या पोरीने गाडी चालवली तर पालकाला २५,००० रुपये दंड, ३ वर्षांपर्यंत कैद, आणि पोरीला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. २०१९ च्या दुरुस्तीत हे सगळं आहे, खोटं काही बोललो नव्हतो. पण माझं खरं कारण वेगळंच होतं. ते आईलाही सांगितलेलं नाही.

तू तेव्हा सातवीत होतीस. मी एका स्टँडमधून गाडी बाहेर काढत होतो. कंडक्टरने डबल बेल दिली, मी आरसा बघितला, कोणी नव्हतं, डावीकडे स्टिअरिंग फिरवलं. एकदम लोक ओरडले. करकचून ब्रेक मारला. उतरून बघतो तर कॉलेजचा एक पोरगा कंपाउंडच्या भिंतीला पाठ लावून उभा, स्कूटर आडवी पडलेली. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. दुसरा बूट माझ्या मागच्या चाकाखाली होता. पोरगा थरथरत म्हणाला, "काका, मला वाटलं तुम्ही मला बघितलंय."

त्या रात्री मला डबा गेला नाही.

एसटी वळते तेव्हा मागचं चाक पुढच्या चाकाच्या मागोमाग येत नाही, आतून कापत येतं. तुम्हाला डावीकडे जी मोकळी जागा दिसते ना, ती थोड्या वेळाने नसतेच. आणि बंपरच्या डाव्या कोपऱ्याला खेटलेली स्कूटर माझ्या सीटवरून दिसत नाही. ड्रायव्हर कितीही जुना असो. माझ्या आरशात तुला माझं तोंड दिसत नसेल, तर मलाही तू दिसत नाहीस.

तू म्हणशील, मी चाळीसच्या वर जातच नाही. चाळीसला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, म्हणजे साधारण एक एसटी. कोणाचा मेसेज आलाय हे बघायला ३ सेकंद धर. तीन एसट्या एकामागे एक लावल्या आणि तेवढं अंतर तू डोळे मिटून गेलीस.

आणि तुझी रूम नऱ्ह्यात. नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंत सगळा उतार. तिथे काही ट्रकवाले डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात. मग इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, आणि तापलेला ब्रेक ऐनवेळी लागत नाही. तू आपली सर्व्हिस रोडने जा, लांब पडलं तरी. (उलट्या दिशेने नाही! तेही मी बघतो रोज.)

मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे. आईने दुसरं घेतलंय, आयएसआय बघून. तिसरं घेणार नाही, तिसरीला बसने येऊ दे.

येत्या रविवारी मला सुट्टी आहे. सातारला येताना स्कूटर आणू नकोस, एसटीने ये. डेपोत एखादी गाडी उभी असतेच. तुला माझ्या सीटवर बसवतो आणि शेजारच्या काकांची स्कूटर डाव्या कोपऱ्याला लावून मी तिच्यावर बसतो. कुठे आहे ते सांग मला.

तुझे पप्पा