बंद फौंड्रीच्या जागेत नुसते खड्डे खणून झाडे लावू नका

मा. संपादक यांस,

बेळगावच्या उद्यमबागेसारख्या औद्योगिक भागात बंद पडलेल्या फौंड्रीचे, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचे आवार पशुपक्ष्यांसाठी राखायचे, तर वृक्षारोपणाची घाई नको. आधी तिथली वाळू तपासा. कोअरच्या, म्हणजे ओतीव वस्तूत पोकळी ठेवणाऱ्या साच्याच्या, रेझिन घालून घट्ट केलेल्या वाळूत फिनॉल हे विषारी रसायन उरलेले असू शकते. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत ती पसरू नये की पुरू नये. ट्रकच्या चाकांखाली दबलेली जमीन दोन फूट खोल फोडून घ्यावी. नाहीतर आपल्याकडच्या पावसात खड्ड्यात पाणी तुंबते, मुळे कुजतात आणि दसऱ्यापर्यंत रोप पिवळे पडते.

तळे उथळ हवे. मधोमध तीन फूट पुरे; एक काठ चार फुटांत एक फूट उतरणारा ठेवावा, म्हणजे बेडकांना वर चढता येते. त्यात गप्पी मासे मात्र कृपा करून सोडू नका. डासांच्या अळ्यांबरोबर ते चतुर या किड्यांची (ड्रॅगनफ्लायची) पिल्ले आणि बेडूकमासेही खातात. खरे तर चतुरांची पिल्लेच डासांच्या अळ्या फस्त करतात!

जांभूळ, करंज, उंबर, पांगारा जूनमध्येच लावावेत. सुबाभूळ नको. जुनी, भोके पडलेली पण भक्कम भिंत पिंगळ्यांसाठी राहू द्यावी. घाणेरी उपटायला पहिली तीन वर्षे माणूस लागतो. महापालिकेने त्याची तरतूद टेंडरमध्येच करावी.

– काही निसर्गप्रेमी वाचक, टिळकवाडी, बेळगाव