शिळेवर काय लिहायचं

ती. बाबा आणि आई,

सा. न. वि. वि.

बाबा, हे सगळं फोनवरच सांगणार होते, पण तुम्ही दोन मिनिटांत “बरं बरं, आईशी बोल” म्हणून फोन देऊन मोकळे होता. म्हणून सरळ पत्र. पणजोबांचं नाव कोरायच्या नव्या शिळेचा मजकूर सरपंचांना देण्याआधी एवढं पूर्ण वाचा.

आधी निकाल सांगते, कारणं मागून. पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, गेले होते, याबद्दल शंका नको. सुभेदार मात्र ते नव्हते. आणि तिथल्या कूट गावाच्या वेढ्यात लढले हेही काही टिकत नाही.

सुभेदाराचं आधी बघू, कारण ते सोपं आहे. साध्या शिपायाचा कागद मिळणं कठीण. त्यांची सेवापुस्तकं इंग्लंडला आलीच नाहीत. पंजाबातल्या सव्वातीन लाख शिपायांच्या नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात सापडल्या, पण आपल्याकडच्या माणसांना त्यांचा काय उपयोग! सुभेदार आणि जमादार यांची गोष्ट वेगळी. ते अधिकारी, त्यामुळे त्यांची नावं पलटणीवार इंडियन आर्मी लिस्टमध्ये छापली जायची. त्या याद्यांच्या प्रती स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने स्कॅन करून फुकट ठेवल्यात. मी युद्धाच्या वर्षांतल्या सगळ्या मराठा पलटणी चाळल्या, मग सॅपर्स (फौजेचे बांधकामवाले) आणि खेचरांच्या तुकड्याही. आपल्या आडनावाचे लोक भेटले, पण कुणाचंही नाव आपल्या पणजोबांशी जुळत नाही. खरा सुभेदार त्या याद्यांतून निसटणं अवघड आहे.

आता कूट. १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी ब्रिटिश जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर तिथे अडकल्या होत्या. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. सुमारे १३ हजार माणसं तुर्कांच्या हाती गेली. त्यांना वाळवंटातून चालवत नेलं, पुष्कळजण वाटेतच गेले. घोड्याचं मांस खायला शिपायांनी नकार दिला, ही तुमची आवडती गोष्ट खरीच आहे. बहुतेकांनी शेवटच्या आठवड्यांपर्यंत ते तोंडाला लावलं नव्हतं. पण ही गोष्ट पुढे तिथल्या बसरा बंदरात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर गेलीच असणार. ती सांगायला वेढ्यात असावं लागत नाही. आणि पणजोबा कैदेत होते, असं आजीच्या तोंडून मी तरी कधी ऐकलं नाही. दोन वर्षं तुर्कांच्या कैदेत काढून माणूस घरी येतो आणि सुनेला त्याचा पत्ता नसतो, हे मला पटत नाही.

मग ते तिथे काय करत होते? याचं उत्तर देव्हाऱ्याखालच्या डब्यात होतं, आणि ते आईने दाखवलं.

आई, त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर तू पदक धुऊन आणलंस आणि म्हणालीस, “चिंचेने कसं लख्ख निघालं बघ.” चांदीला कुणी चिंच लावतं का गं? ब्रिटिश वॉर मेडल लाखांनी वाटलं गेलं, आणि ते चांदीचं असायचं. एका बाजूला राजा पंचम जॉर्ज, दुसरीकडे घोड्यावरचा उघडा माणूस आणि १९१४, १९१८ हे आकडे. आपलं पदक हुबेहूब तेच आहे, पण ब्राँझचं. तशी ब्राँझची पदकं सुमारे १ लाख १० हजारच निघाली. ती शिपायांसाठी नव्हती. चिनी, माल्टी आणि आपल्याकडच्या मजूर तुकड्यांतल्या माणसांना ती मिळाली.

पदकाच्या कडेवर नाव कोरलेलं असतं. मी सांगितल्याप्रमाणे तू कडेला रांगोळी चोळलीस, फुंकर मारलीस आणि टॉर्च आडवा धरून फोटो पाठवलास. तो मोठा करून पाहिला. पणजोबांचं नाव इंग्रजीत, आपल्या आडनावाची जरा वाट लावलेली, पण तेच. त्यापुढे ‘लेबर कोअर’, म्हणजे मजूर दल. तुकडीचा आकडा घासून गेलाय, चिंचेचीच कृपा. (यापुढे चिंच बंद. मऊ फडक्याने पुसायचं, बास.)

या लेबर कोअरच्या तुकड्या मेसोपोटेमियात मुख्यतः १९१६ च्या उत्तरार्धात उभ्या राहिल्या. म्हणजे कूट पडल्यावर. म्हणून ते तिथे कूटनंतरच पोचले असावेत, असं मी म्हणते.

बाबा, आता तुम्ही म्हणाल, “म्हणजे हमाल?” हो, जवळपास तेच. पण जरा थांबा.

युद्धाच्या काळात हिंदुस्थानातून १४ लाखांवर माणसं भरती झाली. त्यांतली ५ लाख ६३ हजार बिगर-लढाऊ होती. मेसोपोटेमियात तर हे प्रमाण जवळजवळ निम्मं होतं. काही तुकड्या थेट तुरुंगांतल्या कैद्यांच्या होत्या. (घाबरू नका, आपल्याबाबत तसा काही पुरावा नाही!) आणि कूट का पडलं, हे वाचलंत तर या माणसांकडे तुम्ही वेगळ्या नजरेने पाहाल. बसऱ्याला मोठी जहाजं लागतील असे धक्के नव्हते. माल भरलेली जहाजं आठवडेच्या आठवडे नदीत नांगर टाकून उभी असायची. वर न्यायला बोटी नव्हत्या, रस्ते आणि रेल्वे नव्हती. जखमी माणसं उघड्या तराफ्यांवर पडून यायची. कूट सोडवायला निघालेली फौज धान्य, औषधं आणि वाहनांअभावी अर्ध्या तयारीने लढली आणि हरली. पुढे चौकशी आयोग बसला आणि १९१७ मध्ये ब्रिटिश सरकारातले भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेनना राजीनामा द्यावा लागला. मधल्या काळात धक्के बांधले गेले, रूळ पडले, पोती वेळेवर उतरू लागली. त्यानंतरच ११ मार्च १९१७ ला बगदाद हाती आलं. ती पोती उतरवणाऱ्यांत पणजोबांसारखी माणसं होती.

आणि आपल्या घरात हे माहीतच होतं! आजी सांगायची, “मामंजींच्या खांद्याला दोराचा वण होता, आगबोटीची पोती वाहून पडलेला.” आपण सगळ्यांनी ते कानाआड केलं, कारण ‘सुभेदारांचं घर’ म्हणवून घ्यायला बरं वाटत होतं. गावाने दिलेली बढती आहे ती, पेन्शनीविना. घराला गाव तसं म्हणतं तर म्हणू दे, मला त्यात काही वावगं वाटत नाही. पण दगडावर कोरणं वेगळं.

चावडीजवळची जुनी शिळा आठवा. या गावातून इतकी माणसं महायुद्धाला गेली, त्यांतली इतकी मेली. नुसते आकडे, एक नाव नाही. बसऱ्याच्या स्मारकावरही तेच झालं. तिथे ४० हजारांवर मृतांची आठवण आहे, पण हिंदी अधिकारी सोडले तर आपल्या शिपायांची फक्त संख्या कोरली. त्याबद्दल राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये माफी मागितली. आता कुठे आपल्या गावात नाव लागणार आहे, तर ते दुसऱ्या कुणाच्या हुद्द्यासकट कशाला? ‘लेबर कोअर, मेसोपोटेमिया’ एवढंच लिहा. गावातल्या इतर घरांतही ब्राँझची पदकं निघतील. तुम्ही पुढे झालात तर तेही खरं सांगतील.

एक काम तुमच्याकडे. विहिरीचं शेत सरकारने इनाम दिलं, असं आपण म्हणतो. तहसीलमध्ये जुना फेरफार काढा. त्यात इनाम आहे की खरेदीखत, ते कळेल. खरेदीखत असेल तर तारीख आणि रक्कम मला कळवा. १९१९-२० च्या सुमारास घेतलं असेल, तर ते बसऱ्याच्या पगारातूनच, असं मी धरून चालेन. आणि नसेल तर नसेल.

पाथरवटाला आगाऊ रक्कम दिली असेल आणि अक्षरं बदलायला तो जास्तीचे मागत असेल, तर ते मी पाठवते. सरपंचांशी तुम्हाला अवघड वाटत असेल तर माझं नाव पुढे करा. “पोरगी ऐकत नाही” म्हणा, त्यांना ते लगेच पटेल.

आई, गुडघ्याचा एक्स-रे झाला का, ते या वेळी बाबांकडून नाही, तुझ्याकडूनच हवंय.

तुमची,
धाकटी