तिसऱ्या मजल्यावरची रिकामी खोली

बर्लिन,
१७ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत, दोघांच्या नोकऱ्या पक्क्या आहेत, पगार वेळेवर होतात, मुले दोन झाली, तरी अकरा वर्षे त्याच घरात का राहता? मी "बघू, प्रयत्न चालू आहेत" एवढेच म्हटले, तेवढ्यात नील रडू लागला आणि बोलणे तिथेच राहिले. नंतर दिवसभर मला वाटत होते की आम्ही पैसे उधळतो किंवा घर शोधायचा कंटाळा करतो, असा तुमचा समज झाला असावा. तसे काहीही नाही. पण खरे उत्तर फोनवर पाच मिनिटांत देता येण्यासारखे नसल्यामुळे ते पत्रात लिहीत आहे. आईलाही वाचून दाखवावे.

आम्ही हे घर २०१३ मध्ये घेतले तेव्हा नॉयकोल्नच्या या भागात भाडी अजून आवाक्यात होती. एकसष्ट चौरस मीटर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, आणि भाडे ४६० युरो. इथे याला थंड भाडे म्हणतात, म्हणजे हीटिंग, पाणी, जिन्याची साफसफाई वगैरे खर्च त्यात धरलेला नसतो. आज तेच भाडे ५९० युरो आहे. घरमालकाला ते मन मानेल तसे वाढवता येत नाही. शहराचा मीटश्पीगल नावाचा भाड्यांचा अधिकृत तक्ता असतो, त्याच्या मर्यादेत आणि तीन वर्षांत जास्तीत जास्त पंधरा टक्के एवढीच वाढ बर्लिनमध्ये करता येते. करारालाही मुदत नाही. आम्ही भाडे वेळेवर भरत असलो तर सबळ कायदेशीर कारणावाचून आम्हाला कोणी बाहेर काढू शकत नाही. बर्लिनमधील दहापैकी आठांहून अधिक कुटुंबे भाड्याच्या घरात राहतात, आणि जन्मभर भाड्याने राहण्यात इथे कोणालाही कमीपणा वाटत नाही, त्याचे कारण हेच संरक्षण आहे.

अडचण अशी की हे संरक्षण माणसाला मिळत नाही, त्याच्या जुन्या कराराला मिळते. करार सोडला की ते संपले. सप्टेंबरमध्ये आम्ही दोन गल्ल्या पलीकडे तीन खोल्यांचे एक घर पाहिले. ऐंशी चौरस मीटर, थंड भाडे १,६४० युरो. जिन्यात खाली रस्त्यापर्यंत रांग होती, आणि प्रत्येकाच्या हातात पगाराच्या तीन पावत्या, लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या शूफा या संस्थेचा दाखला आणि आधीच्या घरमालकाचे थकबाकी नसल्याचे पत्र असलेली फाइल होती. इथे बहुतेक घरमालक हातात पडणारे उत्पन्न भाड्याच्या तिप्पट असावे अशी अपेक्षा धरतात. मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आणि अनिकेत ग्रंथालयात, अशा आमच्या दोघांच्या पगारांची बेरीज तिथवर पोहोचत नाही. उद्या ते घर मिळाले असते, तरी इतर खर्च धरून पगाराचे चाळीस टक्क्यांहून अधिक पैसे राहण्यावरच गेले असते.

तुमच्या मनात लगेच येईल की मग सरकारी मदतीचे घर का नाही. तशी घरे आहेत, आणि त्यासाठी उत्पन्न पाहून एक परवाना मिळतो. तो मुळात कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी असतो, पण बर्लिनने त्याची उत्पन्नमर्यादा पायरीपायरीने एवढी वर नेली आहे की आमच्यासारखे दोन पक्क्या नोकऱ्यांचे कुटुंबही वरच्या पायरीवर पात्र ठरते. तो कागद हातात आला त्या दिवशी मला आनंद झाला नाही. प्रयोगशाळेत चौदा वर्षे काम केलेल्या बाईला आणि ग्रंथपालाला घरासाठी सवलतीच्या रांगेत उभे राहावे लागते, याचा अर्थ मध्यमवर्गाच्या पायाखालची जमीन किती सरकली आहे हे त्या कागदानेच मला सांगितले. शिवाय घरे वाढलेली नाहीत. सरकारी अनुदानाच्या बदल्यात घरमालकाने ठरावीक वर्षेच भाडे कमी ठेवायचे असते, ती मुदत संपली की घर पुन्हा बाजारात जाते, आणि जेवढी घरे अशी बाहेर पडतात तेवढी नवीन बांधली जात नाहीत.

आता तिसऱ्या मजल्यावरच्या आजींबद्दल लिहिते. तुम्ही २०१९ मध्ये आलात तेव्हा ट्राम चालवणाऱ्या म्हणून त्यांची ओळख करून दिली होती, आता त्या निवृत्त आहेत. १९८६ पासून त्या तीन खोल्यांत राहतात. मुले गावोगावी गेली, यजमान वारले, दोन्ही गुडघे दुखतात आणि इमारतीला लिफ्ट नाही. त्यांना तळमजल्यावर लहान घर हवे आहे, आम्हाला आणखी एक खोली हवी आहे, आणि आम्ही तर तळमजल्यावरच राहतो. यापेक्षा सरळ हिशेब कोणता? आम्ही तिघांनी बसून अदलाबदल करायची ठरवली आणि व्यवस्थापकाला पत्र लिहिले. उत्तर आले की दोन्ही करार नव्याने करावे लागतील आणि दोन्ही घरांना आजच्या दराचे भाडे पडेल. म्हणजे आजींना लहान जागेसाठी आजच्यापेक्षा कितीतरी जास्त भाडे, आणि आम्हाला तर परवडणारच नाही. खासगी मालकाच्या घरात भाडेकरूंना अशी अदलाबदल करण्याचा हक्क कायद्याने दिलेला नाही. शहराच्या मालकीच्या सहा गृहनिर्माण कंपन्यांनी आपल्या भाडेकरूंसाठी २०१८ पासून ही सोय केली आहे, आणि त्यात जुनी भाडी तशीच राहतात, पण आमची इमारत त्यांची नाही.

बाबा, मला जे सांगायचे आहे ते या एका जिन्यात आहे. मध्यमवर्ग आक्रसतो म्हणजे त्याचे उत्पन्नच घटते असे नाही. आमचे पगार गेल्या अकरा वर्षांत वाढलेच आहेत. घटली आहे ती हलण्याची मोकळीक. मूल झाले म्हणून मोठे घर, म्हातारपण आले म्हणून लहान घर, नोकरी बदलली म्हणून दुसरा भाग, संसार मोडला म्हणून वेगळे घर, हे सगळे माणसाच्या आयुष्यात स्वाभाविकपणे होत असते, आणि ते करता येणे हीच मध्यमवर्गीय असण्याची एक खूण होती. आमच्या विभागातील एक सहकारी नवऱ्यापासून विभक्त होऊन दीड वर्ष झाले, तरी दोघे अजून त्याच घरात वेगवेगळ्या खोल्यांत राहतात, कारण दुसरे घर दोघांनाही घेता येत नाही. तिचे हाल मी रोज बघते.

हे इथवर कसे आले, तेही सांगते, कारण आमचा त्यात वाटा आहे. भिंत पडल्यानंतर लोक आणि उद्योग येतील अशी अपेक्षा होती, ती फोल ठरली, घरे हजारोंनी रिकामी पडली आणि शहर कर्जात बुडाले. कर्ज फेडण्यासाठी बर्लिनने आपली घरे विकायला काढली. २००४ मध्ये एका सरकारी गृहकंपनीची सुमारे ६५,००० घरे गुंतवणूकदारांना ४०.५ कोटी युरोंना दिली, शिवाय कंपनीवरचे दीड अब्जाहून अधिक युरोंचे कर्ज त्यांनी आपल्या डोक्यावर घेतले. तेव्हा हा व्यवहार शहाणपणाचा वाटला. सतरा वर्षांनी, २०२१ मध्ये, शहराने जवळजवळ १४,७५० घरे दोन मोठ्या कंपन्यांकडून परत विकत घेतली, ती २.४६ अब्ज युरोंना. हे आकडे मी पुन्हा पुन्हा वाचले आहेत. घर आणि जमीन एकदा हातची गेली की शहराला तीच परत घ्यायला किती पट मोजावे लागतात, ते यापेक्षा स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसणार?

आणि आम्ही? आमच्या या घरात आधी एक तुर्की कुटुंब वीसेक वर्षे राहत होते. ते गेल्यावर रंग दिला, न्हाणीघर नवे केले आणि भाडे वाढवले. आम्हाला ते वाढीव भाडेही स्वस्त वाटले आणि आम्ही आनंदाने सही केली. त्यांना ते परवडले असते का, हे तेव्हा विचारावेसे वाटले नाही. दारावरच्या घंटांच्या पाट्यांवरची नावे एकेक करून बदलत गेली, रस्त्याकडचे शिंप्याचे दुकान जाऊन कॉफीचे दुकान आले, आणि ते मला तेव्हा आवडलेही होते. या प्रक्रियेला जेन्ट्रिफिकेशन हे नाव १९६४ मध्ये रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी लंडनच्या कामकरी वस्त्यांबद्दल लिहिताना दिले. सुखवस्तू लोक एखाद्या वस्तीत शिरू लागले की मूळचे कामकरी बहुतेक सगळे निघून जाईपर्यंत ते थांबत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. त्या बाई जन्माने बर्लिनच्या होत्या हे मला अलीकडे कळले. त्यांनी पाहिलेल्या टप्प्याच्या पुढचा टप्पा आता इथे चालू आहे. पहिल्या फेरीत जे आत आले, त्यांनाच दुसऱ्या फेरीत बाहेर ढकलले जात आहे.

सरकारने काहीच केले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. २०१५ पासून नव्या कराराचे भाडे तक्त्यातील दरापेक्षा दहा टक्क्यांहून वर जाऊ नये असा नियम आहे. पण ऑक्टोबर २०१४ नंतर पहिल्यांदा वापरात आलेल्या घरांना तो लागू नाही, पूर्ण नूतनीकरण केलेल्या घरांना पहिल्या वेळी लागू नाही, आणि थोड्या काळासाठी दिलेल्या घरांनाही नाही. त्यामुळे जाहिराती पाहाव्यात तर अर्ध्याअधिक घरांत एक पलंग, एक टेबल आणि एक वर्षाची मुदत असते. २०२० च्या फेब्रुवारीत बर्लिनने याहून कडक कायदा करून जुन्या घरांची भाडी पाच वर्षांसाठी गोठवली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये घटना न्यायालयाने तो रद्द ठरवला, कारण भाड्याचा विषय केंद्राच्या अखत्यारीतला आहे. ज्यांचे भाडे मधल्या काळात कमी झाले होते, त्यांच्याकडे फरकाची मागणी सुरू झाली. आमच्या प्रयोगशाळेतील एका तरुण मुलाला ती रक्कम हप्त्याने भरावी लागली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तीन हजारांहून अधिक घरे असलेल्या कंपन्यांची घरे सार्वजनिक मालकीत घ्यावीत, या बाजूने सार्वमतात सुमारे ५९ टक्के वैध मते पडली. त्याची अंमलबजावणी अजून झालेली नाही.

माझे स्वतःचे मत विचाराल तर भाड्यावर मर्यादा हवीच, कारण ती नसती तर हे पत्र मी या पत्त्यावरून लिहीत नसते. पण आत असलेल्यांना जपणाऱ्या कायद्याने बाहेर उभ्या असलेल्यांसाठी एकही घर तयार होत नाही. इराला घेऊन तुम्ही टेम्पलहॉफच्या ज्या मोकळ्या मैदानावर फिरायला जात होतात, तो जुना विमानतळ. त्याच्या कडेने सुमारे ४,७०० घरे बांधायचा प्रस्ताव होता, तो २०१४ मध्ये लोकांनी मतदानाने फेटाळला. तेव्हा मला मताचा अधिकार नव्हता, पण असता तर मीही विरोधातच दिले असते. आज मी कडेचा भाग बांधायला हो म्हणेन, एका अटीवर, ती जमीन शहराने कधीही विकू नये. १९२० च्या दशकात याच नॉयकोल्नमध्ये ब्रुनो टाउट आणि मार्टिन वाग्नर यांनी घोड्याच्या नालेच्या आकाराची वसाहत बांधली, ती साध्या नोकरदार लोकांसाठी होती आणि आज जागतिक वारसा आहे. चांगली घरे स्वस्तात बांधणे या शहराला एकेकाळी जमत होते.

विकत घेण्याविषयी थोडक्यात. खरेदीवर सहा टक्के कर, नोटरी आणि दलाली मिळून दहा-बारा टक्के रक्कम घराच्या किमतीवर वेगळी रोख लागते. २०२२ मध्ये कर्जाचे व्याज एका वर्षात एका टक्क्यावरून चारच्या जवळ गेले, तेव्हा आमचा हिशेब वहीतच राहिला. तुम्ही तुमच्या ठेवी मोडण्याविषयी बोललात, ते कृपया मनातून काढून टाकावे. ती रक्कम तुमच्या दोघांच्या औषधपाण्यासाठी आहे.

तर आम्ही इथेच राहणार आहोत. मोठ्या खोलीत पुस्तकांचे कपाट मध्ये घालून इरासाठी कोपरा केला आहे, नील आमच्याबरोबर झोपतो. मुलांना याचे काही वाटत नाही. मला वाईट वाटते ते एवढ्यासाठीच की तुम्हाला महिनाभर निवांत राहता येईल अशी जागा आम्हाला करता येत नाही, आणि म्हणून गेली दोन वर्षे मी "या" म्हणायचे टाळत होते.

काल तिसऱ्या मजल्यावर आजींचे किराणा सामान द्यायला गेले होते, तेव्हा हे सगळे त्यांच्यापाशी बोलले. त्यांनी मागची खोली उघडून दाखवली. दोन पलंग, अंगणाकडे खिडकी, आणि त्यांच्या मुलाचे शाळेतले नकाशे अजून भिंतीवर आहेत. एप्रिल आणि मे दोन्ही महिने तुम्ही दोघांनी तिथे राहावे असे त्यांनी स्वतःहून सांगितले, भाड्याचा विषय काढला तर रागावल्या. आईला जिन्याच्या पायऱ्या झेपतील ना, एवढेच डॉक्टरांना विचारून कळवावे, म्हणजे तिकिटांच्या तारखा बघते. आजींना तारखा आधी हव्या आहेत, कारण खोलीचे पडदे धुवायचे आहेत म्हणाल्या.

आईस नमस्कार. अनिकेतचा नमस्कार, मुलांचे पापे.

आपली,
मंजिरी