तलवारी कमी, तांदूळ जास्त

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "सामुराईंच्या कादंबऱ्या वाचतेस म्हणे, लढाया कुठल्या आहेत त्यात?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले. आई, अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत तूच वाचून दाखव.

लढाया फारशा नाहीतच, बाबा. १६०० साली जपानात सेकिगाहाराची मोठी लढाई झाली, तीन वर्षांनी तोकुगावा इएयासू शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी सत्ताधीश, झाला. १६३८ मध्ये शिमाबाराचं बंड मोडलं आणि त्यानंतर दोनशेहून जास्त वर्षं देशात मोठं युद्ध झालं नाही. त्यामुळे कमरेला दोन तलवारी आणि काम मात्र कचेरीत बसून लिहिण्याचं, असा माणूस मला पानोपानी भेटतो. सुरुवातीला मीही तलवारीसाठीच वाचत होते. आता जीव अडकतो तो तांदळात.

सगळं तांदळात मोजायचे. एक कोकू म्हणजे साधारण दीडशे किलो, एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा. दहा हजार कोकू किंवा त्याहून जास्त उत्पन्नाचा मुलूख असेल तर तो दाइम्यो, म्हणजे मोठा सरंजामदार. शोगुनच्या लहान चाकरांना पगारच तांदळाचा. एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, असाकुसाच्या सरकारी कोठारांतून तो मिळायचा. तिथले अडते तो विकून रोकड द्यायचे आणि पुढच्या तांदळावर उचलही द्यायचे. व्याज चढत जायचं. मानाच्या उतरंडीत सामुराई सगळ्यात वर, व्यापारी तळाला, आणि तरी त्या व्यापाऱ्याच्या दारात उभं राहायचं ते सामुराईनंच. घरी बसून छत्र्यांना कागद चिकटवून चार पैसे जोडणारे सामुराईही होते. मी ते वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं थोडा वेळ.

दुसरी गोष्ट बायकांची. १६३५ पासून नियम असा की दाइम्योंनी साधारण एक वर्ष एदोत राहायचं, एक वर्ष आपल्या मुलखात. बायको आणि वारस मात्र कायम एदोत, ओलीस म्हणून. हाकोनेच्या नाक्यावर एदोतून बाहेर पडणाऱ्या बायकांवर कडक नजर असे. त्यांची झडती घ्यायला बायकाच नेमलेल्या, केस सुद्धा तपासायच्या.

बाबा, तुमची बदली झाली की तुम्ही खोली घेऊन राहायचात आणि आमच्या शाळेसाठी आई एकटी घरी. आम्हाला कोणी ओलीस ठेवलं नव्हतं, ते मला कळतं. पण नवरा निघून गेल्यावर त्या एदोतल्या वाड्यांत संध्याकाळ कशी होत असेल हे वाचताना मला आपलं स्वयंपाकघर दिसतं. आई कणीक मळतेय, आणि शेजारच्या काकूंकडे फोन येईल म्हणून तिचं लक्ष दाराकडे.

आता कादंबरीबाहेरचं एक सांगते. कानाझावाला कागाच्या दाइम्योकडे इनोयामा नावाचं हिशेबनीसांचं घराणं होतं. त्यांच्या घरखर्चाच्या वह्या सापडल्या आहेत, १८४२ ते १८७९ पर्यंतच्या. कर्ज वर्षाच्या मिळकतीच्या जवळजवळ दुप्पट झालं, तेव्हा त्यांनी घरातल्या चीजवस्तू विकल्या आणि पैन्‌पै लिहायला घेतली. मुलाच्या एका संस्कारात 'ताई' नावाचा मासा लागतो, तो परवडेना. मग माशाचं चित्र काढून ठेवलं. ज्या घरात हिशेब हीच चाकरी, त्या घरातलं हे. ते चित्र काही केल्या डोळ्यांपुढून जात नाही. माझ्या पाचव्या वाढदिवसाला केक नव्हता, आई, तू शिऱ्याचा गोल थापून वर चेरी लावली होतीस.

तुझी ती लाल बांधणीची वही आठवते? दूध, वाणी, फी, पोस्टाची आवर्ती ठेव, आणि मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेले हातउसने. फेडले की तू खोडरबरानं पुसून टाकायचीस. ती वही रद्दीत गेली नसली तर काढून ठेव. दिवाळीत चार दिवस जास्त राहणार आहे, तुझ्याजवळ बसून ती पहिल्या पानापासून वाचायचीय. बाबा, पुसलेले आकडे ओळखायला तुम्ही हवेत, म्हणून डॉक्टरांची तारीख आता पुढे ढकलू नका.

तुमची,
धाकटी