जीपपाशी भेटलेल्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका,
स. न. वि. वि.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आजूबाजूचे सगळे तुम्हाला मिस्त्री म्हणत होते, म्हणून मीही तेच लिहिते. गेल्या महिन्यातल्या त्या रविवारी हॉर्निमन सर्कलला जुन्या गाड्या बघायला आलेली, आणि मुलाचा हात भाजल्यावर मुलाच्या आधी स्वतःच रडायला लागलेली डोंबिवलीची बाई, ती मी.

खरं तर मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही. वेड सोहमच्या बाबांचं. त्यांना ऐनवेळी ड्यूटी लागली, आणि नऊ वर्षांच्या पोराला दिलेला शब्द मोडायचा कसा, म्हणून मेगाब्लॉकमधून धक्के खात मीच त्याला घेऊन आले. एशियाटिकच्या पायऱ्यांसमोर गाड्या लागत होत्या. फेरी मारून नुकतीच आलेली ती खाकी बीएसए मोटरसायकल स्टँडवर उभी होती. पुढे दोरी होती, 'हात लावू नये' अशी पाटीही होती. मी फोटो काढायला फोन वर केला तेवढ्यात पोरगं दोरीखालून आत शिरलं आणि सरळ सायलेन्सरवर पंजा ठेवला.

तुम्ही शेजारच्या जीपपाशी स्टुलावर बसून वडापावचा कागद सोडत होतात. तो तसाच मडगार्डवर ठेवून उठलात. कुणाच्या पोराचा हात आहे हेही न विचारता त्याला पिण्याच्या पाण्याच्या जारपाशी नेलंत आणि नळ सोडून तळवा खाली धरलात. त्याच्या मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलंत. "सूज येण्याआधी काढायचं असतं. आता वीस मिनिटं मोजा." मला काहीतरी काम दिलंत, त्यामुळे माझं रडणं थांबलं, हे तुमच्या लक्षात आलं होतं का?

तोवर सल्लागार जमले होतेच. एका बाईंनी पर्समधून टूथपेस्ट काढली (पर्समध्ये टूथपेस्ट घेऊन कोण फिरतं, हे मला अजून कळलेलं नाही). एकजण सरबतवाल्याकडून बर्फ घेऊन आला. तुम्ही दोघांनाही हातानंच लांब ठेवलंत. "बर्फ नको, पेस्ट नको. साधं पाणी. चाळीस वर्षं सायलेन्सरनं भाजून घेतोय मी." आणि सोहमला म्हणालात, "काय होऊचा नाय रे झिला. रडायचा तर रड, पण हात हलवू नको."

नऊ वर्षांचं पोर वीस मिनिटं हात न हलवता उभं राहणार कसं? त्यासाठी तुम्ही जे केलंत, त्याचे आभार मानायला हे पत्र आहे.

आधी ज्या गाडीनं भाजलं तिचीच ओळख करून दिलीत. बीएसए एम-ट्वेंटी, पाचशे सीसी, एकच सिलिंडर. दुसऱ्या महायुद्धात अशा सव्वा लाखाच्या वर बनल्या, निरोप पोचवणारे शिपाई त्यांवरून धावत. मागे शॉकअब्सॉर्बर नाहीच, सीटखाली दोन स्प्रिंगा, बाकी सगळं कंबरेनं सोसायचं. हँडलवरची ती बारकी दांडी मागे न घेता किक मारली तर स्पार्क वेळेआधी पडतो आणि गाडी उलट लाथ मारते. हे सांगताना तुम्ही पँटचा पाय गुडघ्यापर्यंत वर केलात. नडगीवर बोटभर लांबीचा पांढरा व्रण. सोहमनं स्वतःचा पंजा विसरून तोच निरखून पाहिला.

मग जीप. "मिलिटरीची आहे तर हिरवी का नाही?" असं त्यानं हुंदक्यातून विचारलं. सैन्याचा तो ऑलिव्ह ग्रीन रंग आपल्यासारख्यांच्या गाडीला द्यायला कायद्यानं बंदी आहे, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. पुढच्या जाळीतल्या उभ्या फटी तुम्ही त्याला मोजायला लावल्यात. नऊ निघाल्या. नऊ म्हणजे लढाईतली, सात म्हणजे नंतरची साधी, असा तुमचा ढोबळ हिशेब. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी या विलिस जीपा मुंबईतच जोडायला घेतल्या, तेव्हा सात फटींच्या जीपा तुम्ही लहानपणी रस्त्यावर पुष्कळ पाहिलेल्या. वडील भांडुपला लॅम्ब्रेटाच्या कारखान्यात होते, तेही बोलता बोलता आलं.

आणि तो हेडलाइट! तुमच्या हाताखालच्या पोराला बॉनेट उघडायला सांगितलंत. त्यानं एक विंगनट चिमटीनं सैल केला आणि अख्खा हेडलाइट बिजागरीवर मागे वळवून इंजिनाकडे तोंड करून ठेवला. रात्री रानात गाडी बंद पडली तर बॅटरी धरायला दुसरा माणूस नको. मी, जिला प्लग आणि पिस्टन यांतला फरक माहीत नाही, ती घड्याळ बघायची विसरले. बाविसाव्या मिनिटाला तुम्हीच म्हणालात, "बाई, झाली ना वीस?"

मध्येच एक स्वयंसेवक कुरकुरला, की पिण्याचं पाणी आहे ते. तुम्ही त्याच्याकडे फक्त पाहिलंत. पुढचा जार त्यानंच आणून ठेवला.

नंतर तुम्ही त्याला सैन्याची जोंगा गाडी दाखवलीत. मला ते नाव आफ्रिकेतलं वाटायचं. ती जबलपूरच्या कारखान्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं निघाली, आणि गाडी मूळची निसानची. जावा मोटरसायकलची किक तर सोहमनं डाव्या हातानं फिरवून पाहिली. किक आणि गिअर एकाच दांडीवर, हे तो आता शाळेत सगळ्यांना सांगतो. सांगताना स्वतःला मिस्त्री म्हणवतो.

डोंबिवलीच्या डॉक्टरांनी हात पाहून विचारलं, लगेच पाण्याखाली कुणी धरला? दोन बोटांवर फोड आले होते, ते आठ-दहा दिवसांत सुकले. आता तळव्याला नुसती गुलाबी झाक आहे, आणि त्याला ती जाऊ नये असं वाटतं. तुमचा व्रण त्यानं पाहिलाय ना.

निघताना मी 'थँक्यू' म्हणाले असेन, आठवत नाही. आठवतंय ते एवढंच, की आम्ही वळलो तेव्हा मडगार्डवर नुसता कागद होता आणि समोरच्या कठड्यावर एक कावळा निवांत पाव फाडत होता. तुम्ही त्याला हाकललंही नाहीत. पुढच्या वर्षी आम्ही तिघंही येऊ. वडापाव आमच्याकडे लागतो तुमचा. सोहम म्हणतो दोन न्यायचे, कारण कावळा परत येणार.

तुमची,
सोहमची आई