हेलसिंकीहून आई-बाबांस

हेलसिंकी, 8 नोव्हेंबर

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

मी सुखरूप पोहोचल्याचे कळवले होतेच. परंतु फोनवर आई ‘सगळे ठीक आहे’ म्हणते आणि मीही तेवढेच म्हणते, त्यामुळे कोणालाच काही कळत नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे. बाबांनी आईला मोठ्याने वाचून दाखवावे आणि मधले काही गाळू नये.

प्रवास लांबचा होता, पण त्रासाचा झाला नाही. मुंबई ते फ्रँकफर्ट नऊ तासांहून अधिक, आणि पुढे सुमारे अडीच तास. शेंगेन देशांच्या हद्दीत आपण फ्रँकफर्टलाच शिरतो, म्हणून पासपोर्टची तपासणी तिथेच उरकली आणि हेलसिंकीला सामान उचलून मी सरळ बाहेर पडले. बाबांनी कागदपत्रांचे तीन संच करून दिले होते, त्यांतला एक लागला; उरलेले दोन जपून ठेवले आहेत, कारण तुम्ही विचारणार हे मला ठाऊक आहे. तुपाच्या बरणीवरून आई निघताना रुसली, पण युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दूधदुभत्याचे पदार्थ आणता येत नाहीत. इथे लोणी फार चांगले मिळते. परवा तूप कढवले, तुझ्यासारखे रवाळ झाले. मेतकूट मात्र व्यवस्थित पोहोचले.

विमानतळावरून आगगाडी अर्ध्या तासात मुख्य स्थानकावर आणून सोडते. 1919 साली खुल्या झालेल्या या स्थानकाच्या दाराशी चार धिप्पाड दगडी पुरुष हातांत दिव्यांचे गोल धरून उभे आहेत आणि जवळच हिरव्या-पिवळ्या ट्राम थांबतात. सुरुवातीला मला सर्वांत खटकली ती शांतता. गर्दीच्या वेळीही ट्राममध्ये कोणी मोठ्याने बोलत नाही. लक्ष्मी रस्त्याच्या गजबजाटात वाढलेल्या माणसाला यात काहीतरी बिनसले आहे असेच वाटते. रस्त्यांची नावे फिनिश आणि स्वीडिश अशा दोन भाषांत लिहिलेली असतात, आणि मला दोन्ही येत नसल्याने पाटी दुप्पट निरुपयोगी ठरते.

आईने थंडीची काळजी सोडावी. इमारतींत गरम पाण्याचे नळ खेळवलेले असतात, खिडक्यांना तिहेरी काचा असतात. घरात मी सुती कुडत्यात वावरते. डिसेंबरात आपल्याकडे शाल पांघरून चहा प्यावा लागतो, तसे इथे नाही. अवघड आहे तो अंधार. सध्या आठच्या सुमारास उजाडते आणि चारला सूर्य मावळतो. डिसेंबरच्या अखेरीस तर सहा तासांचाही दिवस नसेल. पायी चालणाऱ्याने अंधारात अंगावर चकाकणारी चकती लावावी असा इथे कायदाच आहे. मी कोटाला दोन लावल्या आहेत. (हो आई, दोन.)

बाबांसाठी एक गोष्ट राखून ठेवली होती. या शहराचे पिण्याचे पाणी पायेन्ने नावाच्या सरोवरातून 120 किलोमीटर लांबीच्या बोगद्याने येते. कठीण खडक फोडून केलेले हे काम 1982 साली पूर्ण झाले. तुमचे सगळे आयुष्य पाटबंधारे खात्यात गेले, त्यामुळे हे वाचून तुम्ही आधी विश्वास ठेवणार नाही आणि मग ॲटलस काढून बसाल. नळाचे पाणी मी तसेच पिते. उकळण्याची आवश्यकता नाही. पहिला पेला भरताना मला तुमची स्कूटर आठवली. पानशेतनंतर आजोबांना धरणाचे नावही सोसत नसे, तरी तुम्ही मला पुढे उभी करून खडकवासल्याचे उघडलेले दरवाजे दाखवायला नेत असा, आणि घरी आल्यावर आपण दोघे मंडईत गेलो होतो असे सांगत असू.

आता जे सांगायला इतका वेळ लावला ते सांगते. मी मे महिन्यात येणार नाही. ज्या जंगलातल्या केंद्रात आमच्या गटाचे काम चालते, तिथे 1996 पासून हवेतल्या सूक्ष्म कणांची अखंड नोंद ठेवली जाते, आणि हे कण नव्याने तयार होण्याचे प्रमाण तिथे वसंतात सर्वाधिक असते. मार्च ते मे या काळात मी तिथे नसले तर इतक्या लांब येण्याला अर्थच उरत नाही. गणपतीत मात्र नक्की येईन. तसे इथे कळवूनही टाकले आहे. बाबांच्या अँजिओप्लास्टीनंतर इतक्यात जाऊ नये असे मावशी म्हणाली होती. तुम्ही दोघांनी अवाक्षर काढले नाही, आणि तेच माझ्या मनाला जास्त लागून राहिले आहे.

म्हणून आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया माझ्यासाठी मे महिन्यापर्यंत थांबवू नये. मोतीबिंदू पूर्ण पिकण्याची वाट पाहण्याचे दिवस कधीच गेले. डिसेंबरात दादा रजेवर येणार आहे, तेव्हाच उरकून घ्यावी. आई, नंतरचे थेंब वेळेवर घालायचे, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नाही, जड उचलायचे नाही, आणि स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंच्या मागे उभे राहून त्यांना शिकवायचे नाही. बाबांनी रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. बरे वाटते म्हणून तर मुळीच नको. न्हाणीघरातला आधाराचा दांडा याच आठवड्यात बसवून घ्या. त्याचे पैसे मी निघण्यापूर्वीच देऊन ठेवले आहेत, त्यामुळे तो आता ‘बघू’ म्हणण्याचा विषय राहिलेला नाही.

इथली घड्याळे आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहेत. रात्री साडेनऊला, बाबांच्या बातम्या संपल्यावर, मी रोज फोन करीन. डॉक्टरांनी तारीख दिली की आधी दादाला कळवा, म्हणजे त्याला तिकीट काढता येईल.

तुमची,
मनी